इन्सुलेशन सर्व्हिस: काम एक नंबर, पण हिशोब अर्धवट

थंडीच्या आधी घराचं इन्सुलेशन (आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून केलेलं काम) करून घेतलं. कंपनीचं नाव टाकत नाही कारण थोडी तक्रार पण आहे, पण कामाला मी 5 पैकी 4 देईन.

आधी त्यांनी मेन दरवाज्यात मोठा पंखा बसवून आत-बाहेर हवेच्या दाबात 50 पास्कलचा (दाबाचं एकक) फरक ठेवून घरातली हवा बाहेर ओढली आणि धुराची नळी घेऊन फटी शोधत फिरले, पोटमाळ्याच्या झाकणापाशी धूर असा सरळ आडवा वाहायला लागला की बघतच राहिलो, म्हणजे वर जाड थर असता तरी गरम हवा तिथूनच पळत होती. आधी फटी बुजवल्या, मग वर सेल्युलोज (कागदाच्या लगद्यापासूनचं इन्सुलेशन) भरलं, हा क्रम बरोबर आहे आणि उलटा करणाऱ्याला काम देऊच नका.

आता तक्रार. रिपोर्टमध्ये लिहिलं की उष्णतेची गळती 60 टक्के कमी होईल म्हणून हीटिंगचा खर्चही 60 टक्केच कमी धरा. अहो पण घरात फुकटची उष्णता असते ना! माणूस नुसता बसला तरी साधारण 100 वॅट देतो, फ्रिज, टीव्ही, स्वयंपाक, खिडकीतून येणारं ऊन, हे सगळं इन्सुलेशननंतरही तेवढंच राहतं (उन्हाचं तेवढं सोडा, ते रोज सारखं नसतं). समजा आत 20 डिग्री, बाहेर 10, आणि घर प्रत्येक डिग्रीमागे 300 वॅट गमावतंय, म्हणजे 3000 वॅट. त्यातले 600 फुकट मिळतात, हीटरने द्यायचे 2400. गळती प्रत्येक डिग्रीमागे 300 वरून 120 वर आली की लागतात 1200, फुकटचे तेच 600, हीटरला उरले 600. म्हणजे गळती 60 टक्के घटली पण हीटरचं काम 75 टक्के घटलं!! शिवाय फुकटचे 600 आधी 2 डिग्रीच्या फरकालाच पुरायचे, आता 5 डिग्रीला पुरतात, म्हणजे आधी बाहेर 18 च्या खाली गेलं की हीटर लागायचा, आता 15 पर्यंत गरजच नाही, त्यामुळे सीझनच छोटा होतो. मला हे सगळ्यात भारी वाटतं आणि हेच ते ग्राहकाला सांगत नाहीत.

आणि वर नवीन हीटरचं कोटेशन दिलं ते जुन्याच मापाचं, म्हणजे गळती कमी केल्याचा काय फायदा? सगळ्यात थंड रात्री ऊन नसतं हे मान्य, माप काढताना ते धरू नका, पण गळतीचा आकडा तरी नवीन घ्या. मी विचारल्यावर बदलून दिलं, कुरकुर न करता, म्हणून एकच स्टार कापला.

एक सांगतो, फुकटची उष्णता म्हणून जुने पिवळे बल्ब ठेवू नका, ती फुकट नाही, विजेची आहे, आणि हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढून आणणारं, उलट्या एसीसारखं यंत्र) तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट उष्णता देतो. ऊन मात्र खरंच फुकट, फक्त उन्हाळ्यात त्याच खिडक्यांना बाहेरून सावली लागते, आतल्या पडद्याने तेवढा फरक पडत नाही. सावलीचं काम ही कंपनी करत नाही, ते वेगळं बघावं लागेल.