एलियन ३: थिएटरमधला की लांबवलेला?
आमच्या ठाण्याच्या कट्ट्यावर ‘एलियन ३’ हा हॉलिवूडचा अवकाश-भयपट म्हटलं की अजूनही नाकं मुरडली जातात. पण कुठला? १९९२चा ११४ मिनिटांचा, की २००३चा १४५ मिनिटांचा असेंब्ली कट, म्हणजे गाळलेले प्रसंग परत जोडलेली आवृत्ती? पहिल्यात एलियन प्राणी कुत्र्यातून जन्मतो, दुसऱ्यात बैलातून; त्यानं फारसं बिघडत नाही. खरा फरक गॉलिक या कैद्याचा. लांब आवृत्तीत कैदी जिवावर उदार होऊन एलियनला कोंडतात आणि हा वेडा राखणदाराचा गळा चिरून दार उघडतो! थिएटरवाल्यात हे सगळंच गाळलं, त्यामुळे गॉलिक मधेच गायब. आधीच्या भागात वाचलेल्या न्यूट-हिक्सला सुरुवातीलाच मारल्याचा राग दोन्हीकडे कायम. नायिका रिप्ली भट्टीत पडताना तिची छाती फोडून येणारी राणी एलियन लांब आवृत्तीत नाही, तेच बरं. (दिग्दर्शक फिंचर मात्र या डागडुजीकडे फिरकलाच नाही.) घोडबंदरचा ट्रॅफिक सोसून आल्यावर अडीच तास जड जातील, तरी लांबवालाच बघा.