दोन फुटी टँकमध्ये किती मासे? गोल्डफिश, गप्पी की फायटर

दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, म्हणजे कागदावर ५६ लिटर पाणी, पण खाली खडी टाकली आणि वर दोन बोटं जागा सोडली की जेमतेम ४५ उरतं, हिशोब त्याचाच करायचा. मला एका दुकानदाराने एवढ्याशा टँकसाठी आठ गोल्डफिश बांधून दिले, म्हणे छोटे आहेत ओ, राहतील आरामात. मे महिन्यात एका रात्री लाईट गेली, पंप बंद, पहाटे बघतो तर आठही जण वर येऊन आ वासून हवा घेतायत. तीन गेले. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, आणि गोल्डफिश पडला थंड पाण्याचा मासा, त्याला मुंबईचा मे कसा झेपणार.

तर गोल्डफिशच पाहिजे असेल तर दोन, बास, तेही लहान आहेत तोवर. गोल गरगरीत जातीचेसुद्धा ६ इंच होतात, बकाबका खातात आणि घाण पण तेवढीच करतात. माशाच्या लांबीच्या दर इंचाला चार लिटर पाणी हे जे सांगतात ना, ते बारीक सडपातळ माशांपुरतं, इथे लावलंत तर फसलात. दर आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं म्हणजे दीड बादली, आणि ती तुम्हालाच उचलायचीय.

गप्पी आठ-दहा चालतील, पण सगळे नर घ्या. मादी आली की महिन्या-महिन्याला पिल्लं, मग सोसायटीत वाटत फिरा. डासांच्या अळ्या खायला महापालिका विहिरीत सोडते तेच हे गप्पी, दुकानातले रंगीत त्यांचे जरा नाजूक भाऊबंद, तरी गरमी काढतात. पाणी आठवड्याला पाऊण बादली बदललं की झालं.

फायटर एकच. वरची हवा घेऊन जगतो म्हणून लाईट गेली तरी टेन्शन कमी, पण गप्पींच्या लांब शेपट्या बघून पिसाळतो, सोबत ठेवू नका.

मला विचाराल तर गप्पी. फक्त सुरुवातीला तीन-चारच सोडा, फिल्टरमध्ये अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) खाणारे बॅक्टेरिया तयार व्हायला महिना-दीड महिना जातो. नळाचं क्लोरिनवालं पाणी डायरेक्ट ओतू नका, आदल्या दिवशी बादली भरून ठेवा असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे ती सकाळी कोणीतरी आंघोळीला घेऊन जातं, म्हणून मी अँटीक्लोरिनची बाटली टँकच्या झाकणावरच ठेवलीय.