अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर घेतला पण गाडी थंड केली फोमच्या पट्टीने

गाडी ९२ ची माझदा मियाटा, १.६ लिटर, दोन सीट, कापडी छत. राहतो एल.ए. मध्ये व्हॅलीत, ऑफिस वेस्ट साईडला, म्हणजे रोज संध्याकाळी ४०५ फ्रीवेवर सेपल्वेडा पासचा घाट चढायचा, तोही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि ऑगस्टमध्ये ३८ डिग्री असताना. बायको म्हणते एवढी हौस असेल तर रविवारी चालव ना. बरोबर आहे तिचं, पण ऐकतो कोण.

मागच्या ऑगस्टमध्ये पास चढतानाच टेम्परेचरचा काटा मधून उठला तो दोन मिनिटांत वर टेकला, आणि कूलंटचा, म्हणजे रेडिएटरमधल्या इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, तो गोडसर वास. रस्त्याच्या कडेला घेतली, बॉनेटखालून वाफा. बाबांची पद्मिनी आठवली, खोपोली सोडून बोरघाट लागला की कुठल्या तरी वळणावर बॉनेट वर, ओलं फडकं घेऊन बाबा रेडिएटरचं झाकण उघडायला टपलेले आणि आई मागून ओरडतेय अहो थांबा जरा गार होऊ दे. मी पाऊण तास थांबलो, हात नाही लावला.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी केसाएवढी चिरली होती. ही टाकी नवीन असताना काळी असते, म्हातारी झाली की शेवाळी-तपकिरी होते. तुमची तशी झाली असेल तर उद्यावर ढकलू नका. माझी कधीचीच झाली होती, दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजवाल्याने बघून सब ठीक म्हणून सांगितलं आणि मीही हो म्हणून घरी आलो. आणि त्या काट्यावर तर अजिबात विसंबू नका, इंजिन ८५ ला असो नाहीतर १०० ला, तो मधेच बसून असतो, हलला म्हणजे उशीर झालेलाच असतो. ओबीडी-टू, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं सॉकेट, ९६ पासून आलं त्यामुळे ९२ ला डोंगल लावून आकडे बघायची सोय नाही, मी वेगळा सेन्सर टाकून छोटं डिजिटल गेज लावलं.

आता प्रॉडक्ट. ऑनलाईन मागवला पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा जाड कोरवाला (कोर म्हणजे मधली जाळी, जिच्यातून हवा जाते) रेडिएटर, सोबत दोन स्लिम पंख्यांचं किट. दिसायला काय देखणा, वेल्डिंग एकदम साफ, मूळ जागेवर मापात बसला, शनिवारी सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आत झालं. कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर करून, हीटर फुल ठेवून, झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवायची, हवा अडकली तर नवीन रेडिएटरही काही कामाचा नाही. फ्रीवेवर ८८, हलेचना, मी खूश. सोमवारी ट्रॅफिकमध्ये १०४, मग १०६. च्यायला, जुन्या रेडिएटरपेक्षा वाईट!

टॉरन्सला एक जपानी आजोबा आहेत, छोटं गॅरेज, जुन्या जपानी गाड्याच बघतात. त्यांनी रेडिएटर बघितलासुद्धा नाही, पंखे चालू करायला लावले आणि टिश्यू पेपर समोर धरला. पंख्याच्या गोलासमोर चिकटला, कोपऱ्यात नेला की गळून पडला. म्हणजे अर्धा कोर नुसता शोभेला. कंपनीच्या जुन्या पंख्यांना श्राउड, म्हणजे भोवती आवरण, असतो तो सगळ्या कोरमधून हवा ओढतो, माझ्या स्लिम पंख्यांना तो नव्हताच, शिवाय जाड कोरमधून हवा ओढायला पंख्यात दम लागतो तोही नव्हता. फ्रीवेवर वारा फुकट मिळतो म्हणून हे कळत नाही, सिग्नलला उभं राहिलं की सगळा खेळ पंख्याचा. जुने पंखे गॅरेजमध्ये पडले होते, भंगारात जाता जाता वाचले, तेच परत लावले.

दुसरी गोष्ट मी घरी उदबत्ती लावून बघितली होती पण अर्थ आजोबांनी सांगितला. गाडी उभी, पंखे चालू, रेडिएटरच्या बाजूच्या फटीत उदबत्ती धरली तर धूर मागून पुढे येत होता. म्हणजे तापलेली हवा फटीतून वळून पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो. त्यांनी चारही बाजूंनी फोमची पट्टी चिकटवली, आधीच्या कुठल्या तरी मालकाने काढून टाकलेला खालचा प्लास्टिकचा ट्रे नवीन बसवला, आणि एसीचा दुसरा पंखाही इंजिन तापल्यावर चालू होईल असा रिले (आपोआप चालणारा स्विच) टाकला. तीन तासांचं काम, पट्टीचे वेगळे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

आता तोच पास, ३९ डिग्री, ९७ ला पंखे सुरू होतात, ९१ ला आणून बंद होतात, परत ९७, परत ९१. एसी लावला तर अजूनही १०० ला टेकते कारण पुढे बसवलेल्या एसीच्या कंडेन्सरची (जाळीची) गरम हवा रेडिएटरवरच येते, तेवढं सोसतो. कूलंट ३० टक्के ठेवलंय, बाकी डिस्टिल्ड वॉटर, पाणी जास्त उष्णता वाहून नेतं आणि इथे व्हॅलीत गोठायची भीती नाही, पण बर्फात जात असाल तर ५०-५० च ठेवा. नळाचं पाणी मात्र नको, आतून क्षार धरतात.

रेडिएटरला ५ पैकी ३, माल चांगलाय पण शहरात चालवणाऱ्याने पातळ कोरवालाच घ्यावा, किटमधल्या पंख्यांना १. आजोबांना ५. फक्त त्यांना फोन करू नका, उचलत नाहीत, सकाळी आठला जाऊन शटरसमोर उभं राहायचं.