एक्सचेंजला दिलेली जुनी गाडी अजून तुमच्याच नावावर तर नाही ना?

नवीन गाडी घ्यायच्या विचारात असाल आणि घरातली जुनी शोरूमलाच एक्सचेंजला द्यायचं ठरवलं असेल तर आधी हे वाचा. नवीन गाडीच्या कोटेशनमध्ये आपण सगळे डोळ्यात तेल घालून बघतो, हँडलिंग चार्जेस कसले, इन्शुरन्स एवढा का, अ‍ॅक्सेसरीजचा पॅक नको असताना का लावला, भांडून भांडून दहा-वीस हजार वाचवतो आणि खरा चुना लागतो तो जुन्या गाडीत. शोरूमचं नाव लिहीत नाही, कुठल्या कंपनीची गाडी घेतली तेही नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून. आणि हा प्रकार काही एकाच शोरूममध्ये चालतो असं नाही.

आमची २०१२ ची वॅगन आर, बाबांच्या नावावर. गाडी तशी चांगली, पण गगनबावड्याचा घाट चढताना एसी बंद करावा लागायचा आणि सस्पेन्शनची बोंब. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून सीट उंच हवी, त्यामुळे कॉम्पॅक्ट एसयूव्ही हे घरात आधीच ठरलेलं. नेक्सॉन, ब्रेझा, थ्रीएक्सओ, व्हेन्यू, सगळ्यांच्या टेस्ट ड्राइव्ह झाल्या. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला, चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी सेस धरून २९ टक्के होती ती १८ वर आली. (ब्रेझा पण चार मीटरच्या आत आहे पण तिचं इंजिन १४६२ सीसी, त्यामुळे तिला १८ नाही ४० टक्के लागतो, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.) मग काय, शोरूममध्ये जत्रा. पाडव्याला डिलिव्हरी पाहिजे तर आजच बुकिंग करा, नाहीतर डिसेंबर. ही घाई लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्या घाईवरच चालतं.

जुन्या गाडीची किंमत काढायला एक पोरगा आला. दाराची रबरं ओढून बघितली, बूटमधलं मॅट उचलून स्टेपनीच्या खालचा पत्रा बघितला, मागच्या दारावर बोटाने टकटक केली आणि "इथं काम झालंय काका" म्हणाला. खरं होतं ते. १ लाख ६० लावले. बाहेर मार्केटमध्ये १ लाख ८५ ला मागत होते, पण हे म्हणाले वरती २५ हजार एक्सचेंज बोनस कंपनी देते, म्हणजे सेमच झालं ना सर, आणि बाहेरच्या पार्टीच्या मागे कुठं फिरत बसता, आरसी ट्रान्सफरचं सगळं आम्ही बघतो. शोरूम म्हटल्यावर कुणालाही बरंच वाटतं ते.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, ती पुठ्ठ्याची भली मोठी चावी, फोटो, आई ओवाळतेय, आणि त्या गडबडीत एकजण कागदांचा गठ्ठा घेऊन बाबांकडे आला. जिथं जिथं सही पाहिजे तिथं पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या. "काका इथं एक, इथं एक, मागं एक." टीटी फॉर्म होते ते, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. मी विचारलं तर म्हणाला, "ते आरटीओत भरतात सर, आत्ता नाव टाकलं आणि पार्टी बदलली तर परत काकांना सहीला बोलवावं लागेल." जुन्या गाडीची चावी, ओरिजिनल आरसी, बाबांच्या आधारची झेरॉक्स, सगळं गेलं. बदल्यात आम्हाला मिळाली लेटरहेडवर एक ओळ, गाडी मिळाली म्हणून. तारीख होती, वेळ नव्हती, किलोमीटर नव्हते.

आठवडाभरात बाबांच्या मोबाईलवर मेसेज, किणी टोल नाक्यावर फास्टॅगचे पैसे कटले. आम्ही घरात बसलेलो!  शोरूमला फोन केला तर "ट्रायलला नेली असेल सर." मग तासवडे टोल नाका, तेव्हा फास्टॅग बंद केला. मग साताऱ्यापुढे ओव्हरस्पीडचं ई-चलन, बाबांच्या नावाने, फोटोत आमचीच गाडी, मागच्या काचेवर आमचंच ज्योतिबाचं स्टिकर. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून बघितला तर मालक म्हणून बाबांचंच नाव.

आता हे लोक असं का करतात ते सांगतो, कारण मला पण नंतरच कळलं. शोरूम जुनी गाडी स्वतःकडे ठेवतच नाही, त्यांचे ठरलेले दोन-चार ब्रोकर असतात, गाडी त्याच दिवशी त्यांच्याकडे जाते. ब्रोकरने स्वतःच्या नावावर केली तर आरसीवर एक मालक वाढतो, फर्स्ट ओनरची गाडी सेकंड ओनर होते आणि भाव पडतो, वर ट्रान्सफरचा खर्च. त्यापेक्षा कोऱ्या सह्यांचे टीटी फॉर्म खिशात ठेवायचे, शेवटचं गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव टाकायचं. आणि ते गिऱ्हाईक पण "करू हो पुढच्या महिन्यात" म्हणत तशीच चालवतं. गाडी दोन-तीन हात फिरते आणि कागदावर तुमचीच राहते.

आणि तो २५ हजारांचा बोनस? तो डिलिव्हरीच्या बिलात नव्हताच. "ट्रान्सफर झाली की कंपनी क्रेडिट करते." यात अर्धं खरं आहे, जुनी आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा कंपनी मागते. पण ट्रान्सफर करणार तेच, आणि ते करत नाहीत, मग बोनस येणार कुठून.

खरा झटका पुढे बसला. कराडकडच्या पोलीस स्टेशनमधून फोन, तुमच्या गाडीने मोटरसायकलला उडवलंय, माणसाचा पाय मोडलाय, गाडीमालकाने हजर व्हा. बाबा ७१ वर्षांचे, फोनवर त्यांना बोलताच येईना. त्यात आमची जुनी पॉलिसी नोव्हेंबरमध्येच संपलेली, आणि गाडी आपल्याकडे नाही तर रिन्यू कोण करणार. वकिलांनी सांगितलं की अपघाताच्या नुकसानभरपाईत कोर्ट आरसीवर नाव कुणाचं ते बघतं, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच धरलंय, गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो. म्हणजे गाडी विकून पैसे घेतले तरी भरपाई बाबांच्या डोक्यावर येऊ शकते. नशिबाने चालवणारा सांगलीचा माणूस पळून गेला नाही, त्याने ब्रोकरला पूर्ण पैसे दिलेले, तो पण आमच्यासारखाच अडकलेला, दवाखान्याचा खर्च त्याने केला.

शोरूममध्ये गेलो तर सेल्सवाला "आता आमच्याकडे नाही". युज्ड कारवाले म्हणतात ती बाहेरची पार्टी. मॅनेजर म्हणतो इनव्हॉइसमध्ये जुन्या गाडीचा उल्लेखच नाही, दाखवा कुठं आहे. आणि खरंच नव्हता, १ लाख ६० हजार रिसीटवर नुसते जमा दाखवलेले, कुठल्या गाडीपोटी ते नाही. वाचवलं ते व्हॉट्सअ‍ॅपने. त्या सेल्सवाल्याने व्हॅल्युएशनचा फोटो गाडीच्या नंबरसकट पाठवलेला आणि खाली "RC trf आम्ही करून देऊ sir" असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं.

त्यानंतर १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, आरटीओला लेखी पत्र देऊन इनवर्डचा शिक्का घेतला, वकिलाची नोटीस पाठवली. नोटीस गेल्यावर पंधरवड्यात ट्रान्सफर झाली, इतके दिवस "सर्व्हर डाऊन" होता तो अचानक अप झाला.

तुम्ही देणार असाल तर टीटी फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका, शोरूम कितीही मोठं असो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, ते स्वतः करा. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम आणलेत, अधिकृत डीलर असेल तर पोर्टलवर फॉर्म २९सी भरता येतो आणि मग विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची. तेव्हा सरळ विचारा, अधिकृत आहात का, सर्टिफिकेट दाखवा. आम्ही आता तीन ठिकाणी विचारून बघितलं, दोघांनी तर फॉर्म २९सीचं नावच ऐकलं नव्हतं. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ, किलोमीटर आणि गाडी ताब्यात घेणाऱ्याची सही घ्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद. आणि जुन्या पॉलिसीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, मागून घ्या, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, नवीन गाडीच्या प्रीमियममधल्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या, भागातून ५० टक्क्यांपर्यंत वजा होतो. आमच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये तो लावलाच नव्हता, कारण शोरूमला कमिशन पूर्ण प्रीमियमवर मिळतं असा माझा अंदाज.

चलनाचे पैसे त्यांनी भरले. बोनसचं विचारलं तर मॅनेजर म्हणतो स्कीम दिवाळीपुरती होती, आता क्लेम जात नाही, त्याऐवजी सीट कव्हर आणि एक फ्री वॉशिंग देतो, तक्रार मागे घ्या. घेतलेली नाही. आयोगात पुढच्या महिन्यात तारीख आहे.