आमवातासाठी सांध्यांची पॉवर डॉप्लर सोनोग्राफी: पैसे वसूल का?

हो, वसूल. आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे आमवात म्हणतात तोच, आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या आमवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह, मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं औषध चालू. सीआरपी, ईएसआर हे सूज दाखवणारे रक्ताचे रिपोर्ट छान नॉर्मल यायला लागले होते आणि तरी उजवं मनगट सकाळी आखडलेलंच, लाटणं धरवेना. रक्त म्हणतंय सगळं ठीक आणि आई म्हणतेय दुखतंय, अशा वेळी घरातले लोकही "वयानुसार होतंच" म्हणून मोकळे होतात, याचा मला फार राग येतो. रुमॅटॉलॉजिस्ट (सांधेविकारतज्ज्ञ) मॅडमनी मात्र मनगट दाबून बघितलं आणि पॉवर डॉप्लर, म्हणजे सांध्यात रक्त किती वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी करूया म्हणाल्या, पुण्यात त्यांच्याच क्लिनिकमध्ये.

मॅडम स्वतः करतात आणि स्क्रीन पेशंटकडे वळवून ठेवतात, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आधी नुसतं करडं चित्र, त्यात सांध्याचं अस्तर जाड झालेलं, मग डॉप्लर ऑन केला आणि त्या जाड अस्तरात केशरी ठिपकेच ठिपके! ते म्हणजे रक्त वाहतंय, तेही जिथे एवढं दिसायलाच नको तिथे. निरोगी अस्तर अगदी पातळ असतं, आमवातात पेशी वाढून ते फुगतं, मग आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही म्हणून त्या व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात, टीएनएफसारखी सूज वाढवणारी द्रव्यं त्याला अजून जोर देतात, आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लागतात. त्याच वाटेने आणखी पांढऱ्या पेशी सांध्यात येतात, म्हणजे आणखी सूज, आणखी व्हीईजीएफ, हे चक्रच आहे, आणि शेवटी ते अस्तर कूर्चा आणि हाड खायला लागतं. या नव्या वाहिन्या गळक्या पण असतात, त्यातून पाणी झिरपून सांधा फुगतो. १९८३ मध्ये हे प्रोटीन पहिल्यांदा सापडलं तेच मुळी वाहिन्यांना गळकं करणारं द्रव्य म्हणून.

मी विचारलं मग व्हीईजीएफच अडवायचं औषध द्या ना. तर तशी औषधं कॅन्सरला आणि डोळ्याच्या पडद्याला वापरतात, आमवातात त्याच्या आधीच्या पायरीवरचा टीएनएफ वगैरे अडवतात. लंडनला फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी १९९२ मध्ये टीएनएफ अडवणारं औषध आमवाताच्या पेशंटना पहिल्यांदा दिलं, आणि पुढे त्यांच्याच टीमला दिसलं की त्याने रक्तातलं व्हीईजीएफ पण खाली येतं.

आता महत्त्वाचं. आधी आम्ही एका नेहमीच्या सोनोग्राफी सेंटरला हेच मनगट दाखवलं होतं, नाव लिहीत नाही, तिथे प्रोब चांगला दाबून फिरवला, डॉप्लर लावलाच नाही आणि "थोडी सूज" एवढं लिहून दिलं. मॅडमनी मुद्दाम दाखवलं, जेलचा जाड थर आणि त्यावर प्रोब नुसता टेकवलेला, तेव्हा ठिपके दिसतायत, जरा दाबला की सगळे गायब, सोडला की परत हजर. वाहिन्या इतक्या बारीक असतात की दाबाने बंद होतात. म्हणजे करणाऱ्याचा हात चुकला तर चालू असलेला आजार रिपोर्टमध्ये दिसणारच नाही!

आईचा ग्रेड २ आला, ठिपके किती त्यावरून ० ते ३ असं मोजतात, ३ म्हणजे सगळ्यात जास्त. औषध वाढवलं, नंतरच्या तपासणीत ठिपके खूप कमी झाले आणि लाटणं परत हातात आलं.

नावडलेलं: अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, साध्या सोनोग्राफीपेक्षा महाग आहे, आमच्या इन्शुरन्सने ओपीडीचं म्हणून एक रुपया दिला नाही. रिपोर्ट पण सगळा शॉर्टफॉर्ममध्ये, समजावून घ्यायला परत बसावं लागतं.

कुठेही करा पण आधी फोन करून विचारा, सांध्यांचा डॉप्लर करता का आणि प्रत्येक सांध्याचा ग्रेड लिहून देता का. बांगड्या, घड्याळ घरीच काढा, आणि हात गार असतील तर थोडा वेळ बसून गरम होऊ द्या, गार हातात रक्त कमी दिसतं.