डिझेल पिकअपसाठी हाताची ग्रीस गन: सोलापूरच्या रस्त्यांवरील वापरानंतरचे मत

सोलापुरात डिझेल पिकअप घेतली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो गाडीतील बदलांचा. कांद्याच्या हंगामात सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांखाली नजर टाकली, तर मागे स्प्रिंगचा जादा पाटा टाकलेल्या कितीतरी गाड्या दिसतात. त्याच गाड्यांचे ग्रीस निप्पल, म्हणजे सांध्यांत ग्रीस भरायची लहान तोंडे, मात्र वाळलेल्या मातीखाली झाकलेले असतात. जादा पाट्याने हौदा खाली बसणे कमी होते, पण कोरड्या पडलेल्या पाट्यांच्या पिना आणि शाफ्टचे क्रॉस (चार टोकांचे फिरते सांधे) त्याने वाचत नाहीत. म्हणून स्वतः देखभाल करू इच्छिणाऱ्या मालकाने इतर कोणत्याही खर्चाआधी हाताने दाबायची ग्रीस गन घ्यावी, असे माझे ठाम मत आहे, आणि मी वापरत असलेल्या गनचे हे परीक्षण त्यासाठीच लिहीत आहे.

ही गन ५०० ग्रॅम क्षमतेची, लोखंडी नळकांड्याची आणि लांब दांड्याची आहे. शहरातील सुट्या भागांच्या एका दुकानातून ती हजार रुपयांच्या आत मिळाली. सोबत एक ताठ नळी आणि एक कपलर, म्हणजे निप्पलला पकडणारे नळीचे तोंड, येतो. लवचीक नळी वेगळी घ्यावी लागते आणि ती घ्यावीच. नळकांड्याचे आटे खोल आहेत, डोके घट्ट बसते, आणि हवा काढण्यासाठी डोक्यावर लहान झडप दिलेली आहे. या किमतीत ही झडप प्रत्येक गनला असतेच असे नाही, त्यामुळे ती पाहूनच गन निवडावी.

पिकअपमध्ये या गनचे सर्वांत मोलाचे काम इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आहे. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवरच मिळतो. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना तो सगळा जोर क्रॉसच्या चार टोपणांतील निडल बेअरिंगांवर येतो. तिथले ग्रीस संपले की बारीक सुया गंजतात, खाचा पडतात, आणि मागे-पुढे घेताना गाडीखालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. क्रॉसला ग्रीस भरताना चारही टोपणांच्या सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत दांडा मारावा. तीनच बाजूंनी आले आणि चौथी कोरडी राहिली, तर ती बाजू अडलेली आहे असे समजावे. एका दाबाला साधारण १ ग्रॅम ग्रीस बाहेर पडते, त्यामुळे काम हळू चालते, पण हाताला दाबाचा अंदाज राहतो आणि सील फुटण्याचा धोका कमी होतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनपेक्षा घरी काम करणाऱ्याला हीच गन योग्य वाटते ती याच कारणाने. अलीकडच्या काही गाड्यांत कायमचे बंद केलेले क्रॉस असतात आणि त्यांना निप्पलच नसते. आपल्या गाडीत काय आहे हे खाली वाकून आधी पाहून घ्यावे.

आता तक्रार. गनसोबत आलेला कपलर समाधानकारक नाही. त्याचे जबडे निप्पलला सैल धरतात आणि निम्मे ग्रीस बाहेरच ओघळते. चार जबड्यांचा, पोलादी आणि मागे आवळता येणारा कपलर वेगळा घेऊन बसवल्यावर तीच गन वेगळ्याच दर्जाची झाली. निर्मात्याने मुळातच चांगला कपलर दिला असता, तर ग्राहकाने थोडे जास्त पैसे आनंदाने मोजले असते. गाडीखाली पाठीवर पडून, एका हाताने कपलर धरून दुसऱ्या हाताने दांडा मारावा लागणे हा त्रास अनेकांना या कामापासून कायमचा दूर नेतो, म्हणून हा दोष मला किरकोळ वाटत नाही.

ग्रीस भरण्याची पद्धत सोपी आहे: डोके काढावे, नळकांड्याचे उघडे तोंड डब्यातील ग्रीसमध्ये बुडवून मागच्या दांड्याने ते वर ओढून घ्यावे, दांडा खाचेत अडकवावा, आणि डोके परत बसवून दांडा सोडावा. चमच्याने भरल्यास मध्ये हवेचे कप्पे राहतात आणि गन कोरडी चालते. तेव्हा झडप उघडून हवा सोडावी. इथल्या धुळीचा विचार मात्र प्रत्येक वेळी करावा लागतो. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उघड्या डब्यावर क्षणात बसते, आणि धूळ मिसळलेले ग्रीस बेअरिंगला घासून खाते. डब्याचे झाकण लावलेले असावे आणि कपलर लावण्याआधी प्रत्येक निप्पल कापडाने पुसलेले असावे.

दुकानात बहुधा ‘एपी ३’ पुढे केले जाते. ते लिथियमचे, तिसऱ्या श्रेणीचे ग्रीस चाकांच्या बेअरिंगला चांगले आहे. पण श्रेणीचा अंक जितका मोठा तितके ग्रीस घट्ट, आणि या गनच्या स्प्रिंगला दुसऱ्या श्रेणीचे, जास्त दाब सोसणारे लिथियम ग्रीस अधिक सहज ढकलता येते. स्वस्त कॅल्शियम ग्रीस पाण्यात टिकते, परंतु साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होऊन वाहते. लिथियम १८० अंशांपर्यंत धरून राहते. वेगवेगळ्या जातींचे ग्रीस एकत्र करू नये, कारण काही मिश्रणे मऊ पडून बाहेर वाहतात.

पाट्यांच्या पिनांना निप्पल असेल, तर चेसीचा भार पाट्यांवरून उतरवून भरावे, म्हणजे ग्रीस दबलेल्या बाजूलाही पोहोचते. त्यासाठी चेसी भक्कम स्टँडवर ठेवावी आणि चाकांना अडथळे लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये. शाफ्टवरील निप्पल वर राहिल्यास खालून बाहेर येऊन, गाडी स्टँडवर असेल तर आधी उतरवून आणि अडथळे काढून, ती थोडी पुढे घ्यावी. जिथे सरळ निप्पलला कपलर बसत नाही, तिथे त्याच आट्याचे ९० अंशांचे निप्पल बसवणे हा मला या गाडीतील सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त बदल वाटतो.

चाकांच्या हबमध्ये ही गन चालत नाही. ती बेअरिंगे काढून, धुऊन, तळहाताने ग्रीस दाबूनच भरावी लागतात. आणखी एक गंभीर गोष्ट म्हणजे गनच्या तोंडाशी काही हजार पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब तयार होऊ शकतो. फुटलेली नळी किंवा गळता कपलर बोटाने दाबू नये. ग्रीस कातडीखाली शिरले, तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली आणि दुखत नसली तरी लगेच रुग्णालय गाठावे, कारण उशीर झाल्यास बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

ही गन घ्यायची असल्यास दुकानातच एक सुटे निप्पल मागून कपलर त्यावर दाबून पाहावा. तो सहज निसटला, तरी गन घ्यावी, पण कपलर आणि फूटभर लांबीची लवचीक नळी त्याच वेळी वेगळी घेऊनच दुकानाबाहेर पडावे.