मेंटॉर प्राध्यापकांसाठीचा ऑनलाइन कोर्स: एक अख्खं सत्र वापरून झाल्यावर

स्टाफरूममध्ये मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न आधी संपवते: "मॅडम, हे सर्टिफिकेट कॅसला (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेला) चालतं का?" आमच्याकडे नाही चाललं. कोर्स एका खाजगी संस्थेचा आहे. बढतीच्या फाइलसाठी कागद हवा असेल तर मालवीय मिशनच्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्रांमधले कोर्सेस बघा आणि हा लेख इथेच सोडा. पुढचं सगळं उरलेल्यांसाठी. म्हणजे ज्यांच्या गळ्यात मेंटॉरशिप (वाटून दिलेल्या विद्यार्थ्यांना सल्ला-मार्गदर्शन) पडलेली आहे आणि पडलीच आहे तर ती धड निभवावी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित सीनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या नावावर साठेक मेंटी, म्हणजे वाटून दिलेले विद्यार्थी, आहेत. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, आपल्या निकषांमध्ये मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारत आली आहे, त्यामुळे आज मेंटॉर नेमलेले नाहीत असं कॉलेज शोधून सापडणार नाही. पण मेंटॉरने नेमकं करायचं काय, हे शिकवायला कोणी बसत नाही. पूर्वी ते खपून जायचं. मुलं केटी, शिष्यवृत्ती आणि परीक्षा फॉर्मची तारीख याच्यापलीकडे फारसं विचारत नव्हती. नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आणि एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) पोराच्या हातात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी विषयगटांची मिसळ आली. त्यातलं काय निवडायचं, हे विचारायला तो येतो मेंटॉरकडे. मेंटॉरला तरी कुठे ठाऊक असतं?

तर कॉलेजने आम्हा चारपाच जणांचे पैसे भरले आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बसलो. अर्धा कोर्स रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, अर्धा लाइव्ह सराव, आणि सोबत प्रत्यक्ष केसेस लिहून द्यायच्या. माध्यम इंग्रजी, शिकवणारे मात्र आपल्याकडचेच, त्यामुळे लाइव्ह तासांना हिंदी-इंग्रजीची सरमिसळ चालायची.

व्हिडिओंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मजकूर जवळजवळ सगळा अमेरिकेतून उचललेला. त्यात गैर काही नाही, कारण विद्यार्थ्यांना सल्ला देणं हा पेशा म्हणून उभा राहिला तो तिकडेच. तिथे अकॅडमिक अ‍ॅडव्हायझर ही पूर्णवेळ नोकरी असते. त्यांची नॅकाडा नावाची संघटना १९७९ सालची, तिचं कार्यालय कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत. २०१७ मध्ये त्यांनी सल्लागाराला काय काय यायला हवं याची तीन कप्प्यांत मांडणी केली: या कामामागचा विचार, नियमांची माहिती आणि विद्यार्थ्याशी नातं जोडण्याची हातोटी. कोर्सची आखणीही याच तीन कप्प्यांवर. क्रुकस्टन नावाच्या अभ्यासकाचा १९७२ चा लेख तर दर दुसऱ्या व्हिडिओत येतो. त्याचं म्हणणं असं, की सल्लागार डॉक्टरसारखा चिठ्ठी लिहून मोकळा होतो ते पुरेसं नाही; सल्ला देणं हे शिकवण्याचंच काम आहे आणि त्यात मुलानेही आपला वाटा उचलायला हवा. पटतं. पण ते पटायला इतके व्हिडिओ लागत नाहीत. दीडपट वेगाने लावा आणि पोळ्या करत ऐका.

मला खटकलं ते वेगळंच. हा सगळा विचार ज्या माणसासाठी केलाय त्याला दिवसभर दुसरं काम नसतं. तिकडच्या पूर्णवेळ सल्लागाराकडे २०११ च्या त्यांच्या सर्वेक्षणाप्रमाणे मध्यक २९६ विद्यार्थी होते. आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसतो, पण त्याला वर्ग घ्यायचे नसतात. इथे सहायक प्राध्यापकाला यूजीसीच्या नियमाने आठवड्याला १६ तास शिकवायचंय, त्यात प्रॅक्टिकल, सुपरव्हिजन, प्रवेशाची कामं, एनएसएसचं शिबिर आणि मध्येच निवडणुकीची ड्यूटी. "प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात किमान ३० मिनिटं निवांत द्या" असं पडद्यावर आलं तेव्हा आमच्या बॅचमधल्या सोलापूरकडच्या एका सरांनी चॅटमध्ये फक्त हात जोडलेली इमोजी टाकली. म्हणून मी कोर्स तपासला तो एका कसोटीवर: दहा मिनिटांची मधली सुट्टी, बाजूला चहा, आणि दारात उभा असलेला पोरगा. एवढ्यात काय कामाला येतं?

लाइव्ह सराव आला. पैसे वसूल झाले ते तिथेच. तिघातिघांना खोलीत टाकायचे, एकाने विद्यार्थी व्हायचं, एकाने मेंटॉर, तिसरा नुसता घड्याळ लावून बघणार की कोण किती बोललं. आम्ही झाडून सगळे मास्तर. प्रश्न पुरता ऐकायच्या आत उत्तर तयार. त्यांनी एकच शिस्त लावली. मुलाने मागणी केली की आधी ती मागणी कुठून आली ते विचारायचं, आणि विचारल्यावर गप्प बसायचं. ते गप्प बसणं फार जड जातं, करून बघा.

याचा उपयोग कसा झाला ते सांगते. एसवायचा एक मुलगा जानेवारीत आला. "मॅडम, मायनर बदलायचंय." एरवी मी त्याला थेट सांगितलं असतं, आता नाही बदलता येणार, ऑफिसला विचार, जा. त्या दिवशी म्हटलं, बस जरा, कधीपासून वाटतंय असं? गप्प. मीही गप्प. मग म्हणाला, विषय चांगलाय. पुन्हा गप्प. मग हळूच: मायनरचं प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं आणि त्याच्या गावाची एसटी सव्वाचारला जाते. पुढची थेट सातला. सातच्या गाडीने घरी जाऊन म्हशींची धार काढायला उशीर होतो, वडील ओरडतात. त्यामुळे तो प्रॅक्टिकल बुडवत होता, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली चालली होती, आणि डिफॉल्टर यादीत नाव लागायच्या आत विषयच बदलून टाकू असा त्याचा हिशेब होता. त्या विभागातल्या मॅडमना फोन केला, त्याची बॅच सकाळची करून घेतली. मायनर आहे तेच आहे. हे सगळं मधल्या सुट्टीत झालं, चहा तेवढा गार झाला.

सगळंच काही असं जमलं नाही. कोर्समध्ये 'अ‍ॅप्रिशिएटिव्ह अ‍ॅडव्हायझिंग' नावाची एक पद्धत बरीच घोटून घेतात. सहा टप्पे आहेत, त्यातला एक मुलाला त्याच्या स्वप्नांबद्दल बोलतं करण्याचा. मी इमानेइतबारे विचारत गेले. उत्तरं दोनच: एमपीएससी आणि पोलीस भरती. ज्या मुलीला रक्त बघून चक्कर येते तीही पोलीस भरती म्हणाली. मुलं खोटं बोलत नाहीत. मॅडमनी असं काही विचारलं की जे म्हणायचं असतं ते म्हणतात, मुलाखतीत म्हणतात तसं. चारदोन आठवड्यांत तो प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी विचारते, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते सांग. त्यात सगळं येतं. पहाटे पेट्रोल पंपावर कोण असतो, कोणाला घरी अभ्यासाला जागा नाही, कोण रात्री दोनपर्यंत मोबाइलवर असतो. स्वप्नाबद्दल बोलायचंच असेल तर ते यातून आपोआप निघतं.

नोंदी कशा लिहायच्या याचा भाग छोटा आहे, पण मी रोज वापरते. मेंटॉर डायऱ्या आपल्याकडे कशा भरल्या जातात हे लिहायला नको. समस्या, उपाय, अभिप्राय असे तीन रकाने, आणि नॅकची टीम यायच्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच बैठकीत "समस्या नाही, समस्या नाही" असं खाली ओढत जायचं. कोर्सने सांगितलं, विशेषण लिहू नका, घडलेलं लिहा. काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, एवढंच. 'अभ्यासात लक्ष नाही' ऐवजी 'डिसेंबरपासून सोमवारचे तास बुडतात, रविवारी रात्री लग्नात वाढप्याचं काम'. फरक कुठे पडतो? पुढच्या वेळी तो मुलगा आला की मला आठवायला लागत नाही, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागत नाही. मुलांना हे फार लागतं, की मॅडमनी लक्षात ठेवलं.

माहितीच्या बाबतीत मात्र कोर्स कोरडा ठणठणीत आहे. उदाहरणं सगळी अमेरिकन सेमिस्टरची, १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी वगैरे. आपल्या मुलाला त्याचं काय? शेवटी शासनाचा २० एप्रिल २०२३ चा जीआर आणि विद्यापीठाची परिपत्रकं घेऊन मीच एक पानभर तक्ता केला. सत्राला २० ते २२ क्रेडिट, वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. ओई आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचीच घ्यायची. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात, कारण तिच्याबद्दल गावोगाव गैरसमज आहे: एक वर्ष करून बाहेर पडलं की सर्टिफिकेट आपोआप मिळत नाही, त्यासाठी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी. "मॅडम, आता सोडलं तरी कधीही येता येतं ना?" असं विचारणाऱ्या मुलींना हे आधीच सांगावं लागतं, कारण त्या प्रश्नामागे बहुतेक वेळा लग्नाची बोलणी असतात.

एबीसी आयडीचंही (क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर) तसंच. क्रेडिट खात्यात दिसत नाहीत म्हणून मुलं घाबरून येतात आणि बघावं तर आधारवर वडिलांचं नाव एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं. यावर कुठला सिद्धान्त लागत नाही, सेतू केंद्राचा पत्ता लागतो.

मानसिक ताणाच्या प्रकरणांवरचा तास चांगला होता. आपण समुपदेशक नाही, आपलं काम ओळखणं आणि योग्य माणसापर्यंत नेऊन पोहोचवणं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. 'नेऊन' वर भर, नुसता नंबर देऊन नाही. पण वाटलेल्या कागदावर मदतीचा नंबर कोणता? ९८८, अमेरिकेचा! आम्ही त्यावर टेलि-मानसचा १४४१६ चिकटवला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. संस्थेला ईमेल केली, उत्तर आलं नाही.

आणि एका ठिकाणी कोर्स पूर्ण तोकडा पडतो, पालकांच्या बाबतीत. तिकडे १९७४ च्या कायद्याने कॉलेजातल्या मुलाच्या नोंदींवर हक्क मुलाचा; आईवडिलांना सांगायचं तर सहसा त्याची लेखी संमती लागते. व्हिडिओत सल्लागार फोनवर गोड आवाजात नकार देतो आणि विषय संपतो. आमच्याकडे वडील फोन करत नाहीत, पायातल्या चपला दाराबाहेर काढून थेट स्टाफरूममध्ये येतात. "मॅडम, पोरगी रोज येते का हो कॉलेजला?" आता हजेरीपत्रक पुढ्यात आहे. खरं सांगावं तर उद्यापासून तिचं येणं बंद होऊ शकतं. खोटं सांगावं तर उद्या काही झालं की जबाबदार मी. लाइव्ह तासाला हा प्रश्न मी विचारला. शिकवणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की याचं तयार उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि मग बॅचमधल्या जुन्या मेंटॉरनीच तास चालवला. त्यातून मी उचललेली रीत अशी: वडिलांना चहा द्यायचा, "तिला बोलावते, तिच्यासमोरच बोलू" म्हणायचं, आणि ती येईपर्यंत हजेरीचं पान उघडायचं नाही. बोलावणं पाठवताना शिपायाऐवजी स्वतः जायचं, म्हणजे जिन्यावर तिला विचारता येतं की बाई, नक्की भानगड काय आहे. काही वेळा ती एवढंच सांगते की त्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला गेली होती, घरी सांगायची हिंमत झाली नाही. मग स्टाफरूममध्ये ती स्वतः सांगते, मी शेजारी बसते. दर वेळी भागतं असं नाही. एकीचं येणं थांबलंच.

कोर्स संपल्यावर त्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उरला आणि मला वाटतं तोच सगळ्यात टिकाऊ माल आहे. सुप्रभात कोणी टाकत नाही. नाव-गाव न घेता केस टाकायची, कोणीतरी उत्तर देतं. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा) अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनला अडकला की काय करायचं इथपासून मुलाने हातावर ब्लेड मारलेलं दिसलं तर पहिली पाच मिनिटं काय बोलायचं इथपर्यंत.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. सरावाला पूर्ण पाच, व्हिडिओंना दोन, माहितीला एक आणि तोही उपकार म्हणून. स्वतःच्या खिशातून घ्या असं मी म्हणणार नाही. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) मागे लागा आणि कॉलेजला भरायला लावा. एकट्याने करू नका, विभागातलं निदान एक माणूस सोबत हवं, नाहीतर सरावाला जोडीदार मिळत नाही. जून-जुलैची बॅच चुकूनही घेऊ नका, प्रवेशाच्या धामधुमीत मायबाप देव आठवतात. मार्च-एप्रिलला परीक्षा. दिवाळीची सुट्टी बरी.

पुढच्या बॅचसाठी प्राचार्यांनी दोन नावं मागितली तेव्हा सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या) मुलांना पाठवावं की नाही यावर आमच्याकडे वादावादी झाली. पैसे कॉलेजचे आणि माणूस एप्रिलमध्ये जाणार, हा मुद्दा. पण आमच्याकडे निम्म्याहून जास्त मेंटी त्यांच्याच नावावर आहेत. मी दोन्ही नावं सीएचबीवाल्यांचीच दिली आहेत.